ज्या हाताने मला मुके केले

मित्रांनो, मी एक जुना, पोचे पडलेला पिवळा बोया आहे. बोया म्हणजे समुद्रात साखळीने नांगरलेला, पाण्यावर डुलणारा पिंप. पण मी नुसता पिंप नाही. माझ्या पोटात यंत्र आहे, डोक्यावर अँटेना आहे आणि खाली लोंबणाऱ्या लांब तारेच्या टोकाला एक कान आहे. तो कान पाण्याखालच्या एका डोंगरावर लावलेला आहे. हा डोंगर म्हणजे जिवंत ज्वालामुखी. आधीच सांगतो, माझी कहाणी गोड नाही. माझा एका माणसावर राग आहे आणि तो मी लपवणार नाही.

बंदराच्या कचेरीमागच्या कार्यशाळेत माझा जन्म झाला. मला घडवले ते ताईने. सगळा दिवस ती वाकून माझ्या पोटातल्या तारा जोडत बसे आणि सोल्डरिंगचा धूर तिच्या केसांत अडके. तिचा थोरला भाऊ मासेमारीच्या बोटीचा तांडेल, म्हणजे म्होरक्या, होता. येता-जाता तो माझ्यावर टकटक करी.

"हा बोलेल ना गं वेळेवर?"

"तुझ्यासारखा नाही तो, दादा. विचारायच्या आधी बोलेल."

डोंगराची गुरगुर ठराविक मर्यादेपुढे गेली, की मी कचेरीला आणि सगळ्या बोटींना इशारा देत असे. ती मर्यादा एका बारीक स्क्रूवर ठरे. स्क्रूची योग्य जागा कळावी म्हणून ताईने तिथे लाल रंगाचा ठिपका दिला होता. "पाण्यावर ऊन चमकत असतं," ती बोटवाल्यांना सांगे, "आणि तळाशी तापलेला रस पाण्याला भिडला की एका क्षणात वाफेचा स्फोट होतो. कधी नुसते वायूचे बुडबुडे उठतात. तेव्हा पाणी पोकळ होतं, आणि पोकळ पाणी बोट पेलत नाही. लाटा उठल्या तर किनारासुद्धा सुटत नाही."

दोन वर्षांत मी पाचदा इशारा दिला. दोनदा पाणी हिरवे-पिवळे झाले, मेलेले मासे वर आले आणि बोटी वेळेत परतल्याने माणसे वाचली. तेव्हा दादाच्या बायकोने, वहिनीने, स्वतः येऊन माझ्यावर रंगाचा नवा हात फिरवला. उरलेल्या तीन वेळा मात्र वर काहीच दिसले नाही. डोंगर कूस बदलून पुन्हा झोपला.

त्या तीन वेळा बंदराच्या साहेबांना फार झोंबल्या. त्यांच्या पँटची घडी कधी मोडत नसे, म्हणून लोक त्यांना मागे इस्त्रीसाहेब म्हणत. "हा बोंबलणार आणि आपण बंदर बंद करणार!" ते ताईवर ओरडले. "लोक हसतात मला."

"हसू देत, साहेब. रडण्यापेक्षा बरं."

ताईने स्क्रूला हात लावायला साफ नकार दिला. मग ती रजेवर असताना एका दुपारी साहेब स्वतःच बोट घेऊन आले. त्यांनी माझे झाकण उघडले. नीट कापलेली नखे, पांढरी शुभ्र बाही, हातात पेचकस. त्यांनी स्क्रू पार टोकापर्यंत फिरवला. "बस आता गप्प," ते म्हणाले आणि रुमालाला हात पुसून निघून गेले.

मित्रांनो, तो हात मी विसरलेलो नाही.

एकोणीस दिवसांनी, सकाळच्या वेळी, दादाची बोट माझ्याजवळ जाळे टाकून उभी होती. खाली डोंगर फुटू लागला. मला सगळे ऐकू येत होते. पण नव्या मापाने तो आवाज पुरेसा नव्हता आणि मला बोलता येत नव्हते. पाणी दुधाळ झाले. स्पंजासारखे भोकाभोकांचे हलके दगड वर येऊन तरंगू लागले. त्यांची कच इंजिनात ओढली गेली आणि इंजिन बंद पडले. खलाशी घाबरले. दादाने माझ्याकडे पाहिले.

"बोया गप्प आहे ना? मग घाबरू नका. इंजिन साफ करा, निघू."

माझ्या गप्प बसण्यावर त्याने विश्वास ठेवला. पुढच्या क्षणी पाणी फुगले आणि वाफेचा डोंगर उभा राहिला. तिघांना दुसऱ्या बोटीने उचलले. दादा सापडला नाही. माझी साखळी तुटली आणि मी वाहत गेलो.

चौकशी समितीपुढे साहेब म्हणाले, "यंत्रच बिघडलेलं होतं. जोडणाऱ्या बाईंचा हलगर्जीपणा." ताईची नोकरी गेली. त्याहून वाईट म्हणजे वहिनीने तिच्याशी बोलणे टाकले. "तुझ्या डब्यावर विसंबला तो," एवढेच ती दारातून बोलली.

सात महिने मी एका दूरच्या किनाऱ्यावर पडून होतो. कुणीतरी माझ्या कडीला आपली होडी बांधत असे. पत्ता लागताच ताई धावत आली. तिने झाकण उघडले आणि ती तिथेच वाळूत बसली. स्क्रू लाल ठिपक्यापासून कितीतरी दूर होता. दुसऱ्या दिवशी ती वहिनीला घेऊन आली. वहिनीने लाल ठिपक्यापासून स्क्रूपर्यंतचे अंतर बोटाने मोजले. ती रडली नाही.

"त्या साहेबाला बुडवायचं," ती म्हणाली.

"हो," ताई म्हणाली.

कोण ऐकणार होते काढून टाकलेल्या बाईचे? दोघींनी मला दुरुस्त केले, वहिनीच्या माहेरच्या बोटीतून नेले आणि पुन्हा डोंगरावर नांगरले. आता माझा इशारा फक्त ताईच्या रेडिओवर जाई. डोंगर कधी उठतो ते त्या दोघींनाच कळणार होते, साहेबांना नाही.

आठवड्याभरात साहेबांनी नवी लाँच आणली. ज्वालामुखी जिथे फुटला, तीच जागा पाहुण्यांना दाखवायची होती. बेचाळीस माणसे, त्यांत चौकशी समितीच्या अध्यक्षबाई आणि पुढे स्वतः साहेब. नेमका त्याच सकाळी डोंगर गुरगुरला. धक्क्यावर ताईचा रेडिओ वाजू लागला. तिथे जे घडले ते तिनेच मला नंतर सांगितले.

वहिनीने तिचा हात धरला. "बोलू नकोस. जाऊ दे त्याला."

खरे सांगतो, मीही तिथे असतो तर हेच म्हणालो असतो.

"त्याच्याबरोबर एक्केचाळीस जण आहेत, वहिनी," ताई म्हणाली.

ती लाँचपाशी गेली आणि रेडिओ सारंगापुढे, म्हणजे लाँच चालवणाऱ्यापुढे, धरला. दादाच्या बोटीतून वाचलेल्या तिघांपैकी तो एक होता. त्याने ऐकले, इंजिन बंद केले आणि धक्क्यावर उतरला. मागोमाग पाहुणे उतरले.

साहेब लाल झाले. "ते भंगार बिघडलेलं आहे!"

"झाकण उघडून कुणीतरी स्क्रू फिरवला होता. तरी तुमचंच खरं असेल, तर बसा की," ताई म्हणाली. "वहिनी बोट चालवेल. तुम्ही आणि आम्ही दोघी. त्या जागेवर जाऊन येऊ."

वहिनी आधीच बोटीत बसली होती. साहेबांनी एक पाय बोटीत चढायच्या फळीवर ठेवला. दुसरा उचललाच नाही. "मला... कचेरीत जरा काम आहे."

"बिघडलंय म्हणता ना? मग भीती कसली?" अध्यक्षबाईंनी शांतपणे विचारले. "साहेब, झाकण तुम्ही उघडलं होतं का?"

साहेबांना बोलता येईना. त्यांना तसे झालेले मला पाहायला मिळाले नाही, याची चुटपुट अजून आहे.

त्या दिवशी समुद्र संध्याकाळपर्यंत तळ्यासारखा शांत होता. तरी साहेब फळीकडे फिरकले नाहीत. दोन दिवसांनी डोंगर फुटला, तेव्हा पाण्यावर एकही बोट नव्हती. चौकशी पुन्हा झाली, साहेबांची खुर्ची गेली आणि ताईला तिचे टेबल परत मिळाले. पुढे साहेब माफी मागायला वहिनीच्या दारी गेले. तिने त्यांचे सगळे ऐकून घेतले आणि दार लावले.

मित्रांनो, इशारा देणाऱ्याचा कंटाळा करू नका. तो दहादा चुकला तरी त्याचे तोंड बंद करू नका. त्याच्या गप्प बसण्यावरही कुणीतरी जीव सोपवून बसलेले असते.

मी साहेबांना माफ केलेले नाही, करणारही नाही. त्यांचे घर अगदी किनाऱ्यालगत आहे. उद्या डोंगर उठला, लाट निघाली, तर मला त्यांच्यासाठीही ओरडावे लागेल. आणि मी ओरडेन, जिवाच्या आकांताने.