एका पायावरचा फोटू

मालनबाईचं पोर जन्मलं तेव्हा एवढं दांडगं होतं, की साळू सुईण शपथेवर सांगायची, बाहेर येताच त्यानं आधी भाकर मागितली आणि मग टाहो फोडला. भाकरीचं राहू द्या. पण येताना त्यानं आईची ओटीपोटाखालची हाडं खिळखिळी करून टाकली, एवढं मात्र खरं. मालनबाई पाऊल उचलायला गेली की खाली ‘कट्’ व्हायचं आणि डोळ्यांपुढं काजवे चमकायचे. उंबरा ओलांडायचा तर चौकट धरून एकेक पाय हातानं उचलून पलीकडं ठेवायचा. पोर रांगायला लागलं तरी आई बदकासारखीच चाले.

“लोळायची चटक लागलीया,” सासू आक्काबाई म्हणायची. “मी सकाळी बाळंत झाले न सांच्याला मोट हाकली.”

शेवटी नवरा कानिफनाथ तिला नगरला घेऊन गेला, दवाखान्यात विजेचा फोटू काढायला. लढाईचे दिवस, पेट्रोलची टंचाई; मोटर कोळशाच्या गॅसवर चालायची. कर्जतहून निघाल्यावर चढ आला की उतारूंनी खाली उतरून ढकलायची. मालनबाई एकटीच आत बसून राहिली, म्हणून ड्रायव्हरनं तिला ‘राणीसाहेब’ ठरवून टाकलं. फोटू म्हणजे तोंडाचाच, असं समजून ती नथ घालून गेली होती. तिला टेबलावर उताणी निजवलं, फोटू काढला, आणि डॉक्टर म्हणाले, “हाडं जिथल्या तिथं आहेत.”

झालं! आक्काबाईनं ती काळी फिल्म घरच्या खिडकीत टांगली. सारं कर्जत बघून गेलं. कुणाला त्यात बैलाचं तोंड दिसलं, कुणाला फुलपाखरू. एका म्हातारीनं तर उदबत्ती ओवाळली. मालनबाई शेजारच्याच खोलीत पडलेली. तिची हाडं सगळ्यांनी पाहिली, पण तिला बघायला आत कुणी डोकावलं नाही.

“काम करनार आसशील तर ऱ्हा,” आक्काबाईनं बजावलं. “न्हाईतर भावाकडं जा. आमाला दुसरी सून मिळंल.”

ती पोराला घेऊन केडगावला भावाकडं गेली. सहादेव एकटा जीव, दिवसभर शेतावर. मालनबाईला बोलायला चूल तेवढी होती. भिंतीला धरून चालताना ती स्वतःशीच म्हणायची, ‘खरंच ढोंग करते का गं मी?’

सहादेवाला ते ऐकवेना. त्यानं बैलगाडी जुंपून तिला पुन्हा दवाखान्यात नेलं. तिथं आता विजयाबाई नावाच्या नव्या डॉक्टरीण होत्या.

“कधी दुखतं?”

“उभं ऱ्हायलं की. एका पायावर भार आला की जीव जातो.”

“आणि निजल्यावर?”

“निजल्यावर न्हाई दुखत.”

“मग निजवून काय दिसणार?” बाई म्हणाल्या. त्यांनी तिला आधी डाव्या पायावर उभं करून फोटू काढला, मग उजव्यावर. मालनबाईनं आधाराची दांडी अशी आवळली, की लोखंडाला बोटांचे खळगे पडले असतील.

नुकतीच धुतलेली फिल्म अजून ठिबकत होती. बाईंनी ती उजेडात धरली. “समोर ही दोन हाडं जुळतात. भार पडला की एक वर सरकतंय, एक खाली. दाराची एक फळी बिजागरीतून उतरावी तसं.”

“म्हंजे खरंच हाय?”

“खरंच आहे.”

“आनिक एकदा म्हना.”

बाईंनी पुन्हा म्हटलं. मग कमरेखाली घट्ट पट्टा बांधला. “तीन महिने ओझं उचलायचं नाही. बहुतेक बरं होईल. घरी करायला माणसं आहेत ना?”

“हायती की. लई.”

ती कर्जतला परतली. आक्काबाईनं नवी फिल्म उजेडात उलटसुलट फिरवली. “ह्यो कसा काढला?”

“एका पायावर उभं करून.”

“नगरात एका पायावर उभी ऱ्हातीस,” आक्काबाई म्हणाली, “आन हितं दोन पायांवर घागर उचलवत न्हाई व्हय?”

दारात जमलेले हसले. कानिफनाथही हसला, मग त्याची मान खाली गेली.

मालनबाईनं सगळ्यांच्या देखत पट्टा सोडला आणि आणखी आवळून बांधला.

“तीन म्हैनं मी घागर उचलनार न्हाई, आत्याबाई. दुसरी आनायची तर आना. ती पानी भरंल.”

आक्काबाई शिव्या देत घागर घेऊन आडाकडं निघाली. कानिफनाथ दारातच उभा. आईमागं जावं की आत यावं, त्याला कळंना. मालनबाईनं त्याची वाट पाहिली नाही. पोराला कुशीत ओढलं आणि भिंतीकडं तोंड करून ती आडवी झाली.