मागच्या सीटवरचा दिवा

ज्याने कुणी ही जीप घडवली, त्याला गाडीत मागेही माणसं बसतात हे कुणी सांगितलंच नसावं. इवलीशी दोन दारांची गाडी. चिखलात घाला, दगडांवर चढवा, कुरकुर म्हणून करायची नाही. पण आत दिवा एकच, तोही पुढे, आरशाच्या वर. सूर्य मावळला की मागे मिट्ट काळोख. मागे बसणाऱ्याने आपलं गाठोड्यासारखं बसावं आणि गाडी थांबली की उतरावं.

मागे बसायचे ते उजेडराव. हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. त्यांचं उभं आयुष्य नाटकांच्या प्रयोगांना दिवे देण्यात गेलं, तिथल्या टवाळ नटांनी ठेवलेलं नाव घरापर्यंत आलं आणि चिकटलं. बायकोही चिडली की म्हणायची, "आलात का उजेड पाडून?" ती गेल्यावर ते मुलाकडे राहायला आले. मुलगा जमिनीची मोजणी करायचा, कामं सगळी आडरानात, म्हणून ही जीप. सून शाळेत शिकवायची. घर चांगलं, माणसं चांगली, कशाला म्हणून नाव ठेवायला जागा नव्हती. एकच गोष्ट उजेडरावांनी दोघांपासून लपवली होती. त्यांना ऐकू येत नव्हतं.

म्हणजे अगदी ठार बहिरे नव्हेत. भांडं पडलं की कळायचं, दार आपटलं की कळायचं. माणसाचं बोलणं मात्र पाण्याखालून आल्यासारखं यायचं, नुसता गुडगुडाट. पण प्रयोगाच्या वेळी प्रेक्षकांच्या मागे, दिव्यांच्या काचेच्या खोलीत बसून नटांच्या ओठांवरून वाक्यं ओळखायची त्यांना जन्माची सवय. समोरच्याचं तोंड दिसलं की काम भागायचं. आणि नाहीच दिसलं, तर एक हुकमी उत्तर तयार असायचं: "हो, हो." लोकांना दुसरं हवं तरी काय असतं? फार तर थंडी वाजत नसताना अंगावर शाल यायची, भूक नसताना पानात आणखी काही पडायचं. तेवढं सोसायची त्यांची तयारी होती.

सांगून का टाकत नव्हते? भीती वाटायची, दुसरं काय! त्यांच्या स्वतःच्या सासऱ्यांचं त्यांनी पाहिलं होतं. कान गेल्याचं जगजाहीर झालं आणि घरातली माणसं म्हाताऱ्याशी फक्त जेवण आणि औषध एवढ्याचबद्दल बोलायला लागली. बाकीचं कोण ओरडून सांगत बसणार? गमतीजमती, भांडणं, कुणाचं काय चाललंय, सगळं त्याच्या डोक्यावरून परस्पर जायचं. उजेडरावांना तसं घरातलं सामान व्हायचं नव्हतं.

दिवसा निभत होतं. पंचाईत व्हायची ती जीपमध्ये. सुट्टीच्या दिवशी तिघं कुठेतरी डोंगरात नाहीतर धरणावर जायची, परतताना अंधार पडायचा. पुढे दोघं बोलत असायची, मध्येच मागे काहीतरी विचारायची आणि उजेडराव काळोखात बसून "हो, हो" करत राहायचे. घरी आल्यावर त्यांना वाटायचं, आपण कुठे गेलोच नव्हतो.

म्हणून त्यांनी मागे दिवा बसवायचं काढलं. घरात सांगितलं, "पाण्याची बाटली सापडत नाही रे अंधारात." भंगारवाल्याकडून एका मोडक्या गाडीचा चपटा दिवा आणला, बटणासकट. पुढच्या दिव्यातून वायर घेतली आणि छताच्या अस्तराखालून मागे सारत नेली. अस्तर फाटू नये म्हणून चमच्याच्या दांड्याने हळूहळू दाबत.

"बाबा, माझा मोठा चमचा तुम्ही नेलात ना?" सून अंगणात येऊन म्हणाली. समोर उभी होती, ऊन तोंडावर होतं, शब्दन् शब्द दिसला.

"नाटकवाल्याला घरात ठेवलं की असंच व्हायचं," ते म्हणाले. "सामान गायब."

ती हसली नाही. चमचा हातात घेऊन जरा घुटमळली. "ताईंचा फोन होता. तुमच्यासाठी खोली रिकामी केलीय त्यांनी. रविवारी सोडतो तुम्हाला. कपाट मागाहून पाठवू."

ताई म्हणजे उजेडरावांची थोरली लेक, डोंगरापलीकडे राहायची. लेक लाखातली, जावई सज्जन, पण तिकडे राहायला जायचं कुणी ठरवलं? कधी ठरवलं?

"हो, हो," ते म्हणाले. या वेळी सगळं समजूनसुद्धा.

सून पाठ वळवून दोरीवरचे कपडे काढायला लागली. काढता काढता आणखी काहीतरी बोलली, खांदे जरा पडलेले.

"हो, हो," उजेडराव तिच्या पाठीला म्हणाले.

मग कितीतरी वेळ ते मागच्या सीटवर नुसते बसून राहिले. विचारलंसुद्धा नाही पोरांनी! आपलं काय जड झालं होतं? चार घास खायचे आणि कोपऱ्यात बसायचं. पण जाब विचारायचा तर ऐकूनही घ्यावं लागतं, आणि ऐकायचं म्हटलं की सगळी पोलखोल. त्यांनी राग गिळला आणि पुन्हा हातात पेचकस घेतला. काम अर्धवट टाकून उठणं त्यांच्या रक्तात नव्हतं. वायर जिथे संपली तिथेच, मागच्या सीटच्या बरोबर वर, त्यांनी दिवा घट्ट बसवला. बटण दाबलं, लागला. भर दुपारी त्याचा उजेड कुठवर जातो हे काही कळेना, पण लागला.

रविवारी निघायला उशीर झाला. बॅग उजेडरावांच्या मांडीशी होती. चढण सुरू झाली आणि अंधार पडला. पुढे मुलाचं डोकं हललं, बहुतेक काहीतरी विचारत होता. उजेडरावांनी हात वर करून दिवा लावला.

आणि कपाळावर हात मारून घेतला! उजेड सगळा त्यांच्याच टकलावर. पुढच्या सीटांच्या उंच पाठींनी तो तिथेच अडवला होता, पुढची दोघं आधीपेक्षाही काळी दिसत होती. जन्मभर नवख्या पोरांना ओरडून सांगितलं की जो बोलतो त्याच्यावर दिवा टाका, ऐकणाऱ्यावर नको. आणि स्वतः काय केलं? बाजूच्या काळ्या काचेत त्यांना एक म्हातारा दिसला, बॅगेला धरून बसलेला. त्याची त्यांना फार कीव आली.

पुढून गुडगुडाट आला. "हो, हो," ते म्हणाले.

सुनेने पाण्याची बाटली मागे धरली. ही कशाला? ते बाटलीकडे बघत राहिले. मग घेतली आणि बॅगेवर ठेवून दिली. मुलाचं डोकं आता सारखं आरशाकडे वळत होतं. पुन्हा गुडगुडाट.

"हो, हो."

जीप कडेला थांबली. मुलाने पुढचा दिवा लावला आणि अख्खा मागे वळून बसला.

"बाबा, मी आत्ता काय म्हणालो?"

आता त्याचं तोंड स्वच्छ दिसत होतं. "हवेचं काहीतरी," उजेडरावांनी ठोकून दिलं.

"मी म्हणालो, बाबा, टपावर हत्ती बसलाय का? तुम्ही म्हणालात, हो, हो."

उजेडरावांना हसू आलं आणि त्याच्याच मागून डोळे भरून आले. आता लपवायला काही उरलंच नव्हतं.

"मला ऐकू येत नाही रे," ते म्हणाले. "तोंड दिसलं तर कळतं. नाहीतर नाही."

"कधीपासून?"

"तुझी आई होती तेव्हापासून. तिला ठाऊक होतं. ती कधी पाठ करून बोलायची नाही माझ्याशी."

मुलाने मान पुढे वळवली आणि तो काहीतरी बोलला. त्याचं लहानपणापासून असंच. मनातलं बोलायचं म्हटलं की तोंड दुसरीकडे! सुनेने त्याची हनुवटी धरली आणि पुन्हा मागे वळवली.

"त्यांना बघू दे," ती म्हणाली.

"धरणावरून येत होतो त्या दिवशी," मुलगा म्हणाला, अगदी सावकाश, एकेक शब्द नीट उच्चारत, "अंधारात मी तुम्हाला विचारलं होतं. आमच्याकडे करमत नाही का तुम्हाला? बोलत नाही, गप्प गप्प असता. ताईकडे जावंसं वाटतं का? तुम्ही म्हणालात, हो, हो. दोनदा म्हणालात. मला वाटलं, अगदी मनापासून म्हणताय."

"अरे गाढवा," उजेडरावांचा आवाज चिरकला, "मी हो दोनदाच म्हणतो!"

"आणि मी अंगणात म्हणाले," सून डोळे पुसत म्हणाली, "की तुम्ही गेलात तर घर खायला उठेल. त्यावरही हो, हो."

"ते बरोबर होतं," उजेडराव म्हणाले, आणि तिघंही हसायला लागले. मुलगा हसता हसता कधी रडायला लागला ते त्याचं त्यालाही कळलं नसावं. उजेडरावांनी दोन सीटांच्या मधून हात घालून त्याच्या पाठीवर ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

"आता विचारतो," मुलगा नाक ओढत म्हणाला. तोंड वळवलं नाही. "ताईकडे राहायचंय तुम्हाला?"

"नाही."

"नक्की?"

"एकदा सांगितलं ना! तिने स्वयंपाक करून ठेवला असेल, तेवढं जेवू आणि उलट्या पावली परत. आणि सकाळी मला पेचकस लागेल. हा दिवा पुढे सरकवायचाय. कोणी मूर्खाने इथे लावलाय."

"चांगला उजेड पाडलात, बाबा," सून म्हणाली. "तिथे लावला नसतात तर आम्हाला तुम्ही दिसला असता का?"

पुढचा दिवा चालू ठेवला तर काचेवर त्याचीच चमक यायची आणि मुलाला रस्ता दिसेना. तो विझवावा लागला. मग सुनेने पट्टा सैल केला, अंग वळवून मागे तोंड केलं, मोबाईलची बॅटरी लावून हनुवटीखाली धरली आणि शाळेतल्या भांडणांपासून शेजारणीच्या नव्या भाडेकरूपर्यंत जे जे इतके दिवस राहून गेलं होतं ते सगळं सांगायला सुरुवात केली. नाकपुड्या लालभडक, डोळ्यांच्या जागी खोबणी. रंगमंचावर असा उजेड भुताला देतात, पण उजेडराव काही बोलले नाहीत. पुढे सरकून, दोन्ही सीटांना धरून, ते तिच्या ओठांकडे बघत राहिले.

"दिसतंय का नीट, बाबा?" तिने मध्येच विचारलं.

"हो," ते म्हणाले. एकदाच.