झाफरने तोडलेला नान

मी एक जुना नान आहे. जुना म्हणजे चार वर्षांचा, आणि दगडासारखा कडक. हसू नका, मित्रांनो! ताश्कंदमधल्या या घरात माझ्याइतका मान ताज्या नानालाही नाही.

सलोमतबाईंनी मला तंदूरमध्ये थापलं तेव्हा माझ्या मधोमध ठशाचं फूल होतं आणि वर तीळ. त्याच सकाळी त्यांचा एकुलता मुलगा झाफर कोरियात, सोलच्या कारखान्यात कामाला निघाला. रीतीप्रमाणे त्याने माझा एक घास खाल्ला आणि उरलेला मी खिळ्यावर गेलो. जाणाऱ्याने परत येऊन तो नान संपवायचा. तोवर कोणी हात लावायचा नाही. सोल पाच हजार किलोमीटरवर. विमानाने साडेसात तास, असं सगळे म्हणत, जणू पलीकडच्या गल्लीतच आहे. पहिल्या वर्षी येणारे-जाणारे माझी चौकशी करत. मग फक्त मुंग्या येऊ लागल्या. दार वाजलं की मी अस्वस्थ व्हायचो, आणि दार तर दिवसभर वाजायचं.

यंदा हिवाळ्यात झाफरचे वडील बोतिरआका एका संध्याकाळी वारले. दफन दुसऱ्या दिवशी, अंधार पडायच्या आत व्हायला हवं होतं. सकाळी आठ वाजता त्यांचे धाकटे भाऊ तोश्तेमीर यांनी फोनवर झाफरचा निरोप वाचला : विमान साडेदहाला सुटतं, साडेसात तास लागतील. त्यांनी बोटांवर हिशेब केला. म्हणजे संध्याकाळचे सहा. तोवर थांबता येणार नाही, दुपारच्या नमाजानंतर जनाजा उचलायचा, असं पुरुषांनी अंगणात ठरवून टाकलं. बापाला मुलाचा खांदा मिळणार नव्हता. मी भिंतीवर नुसता तडफडत होतो.

तेवढ्यात सलोमतबाई बायकांमधून उठून उंबऱ्यात आल्या.

"भावजी, साडेदहा कुठले? आपले की त्याचे?"

"साडेदहा म्हणजे साडेदहा, वहिनी."

"मी सकाळचा चहा ठेवते तेव्हा तो दुपारचा जेवायला बसतो. चार वर्षं रोज फोनवर ऐकतेय. त्याचे साडेदहा म्हणजे आपले साडेसहा. पोरगा दीड तास झाला, आकाशात आहे. दोनला उतरेल."

तोश्तेमीर यांनी पुन्हा बोटं मोजली आणि अंगणात जाऊन पुरुषांना थांबवलं. जनाजा तिसऱ्या, म्हणजे दुपार कलल्यावरच्या नमाजापर्यंत थांबला. झाफर तीनला पोचला, बाप गेलेल्या मुलाने बांधायचा पटका कमरेला बांधला आणि त्याने बापाला खांदा दिला.

चौथ्या दिवशी परत निघताना त्याने माझ्याकडे हात नेला. आईने तो धरला.

"असू दे. हे येणं त्यात धरायचं नाही. तू बाबांसाठी आलास. घरी येशील तेव्हा खा."

मित्रांनो, तुमचं कोणी लांब असेल तर विमानाला किती तास लागतात हे मागाहून विचारा. तिकडे आत्ता किती वाजलेत, त्याचं जेवण झालं का, एवढं रोज ठाऊक असू द्या. सलोमतबाई वाट बघतील, त्यांना ते जमतं. मला मात्र धीर धरवत नाही. मी खाण्यासाठी भाजलेला नान आहे. झाफरने आता घरी यावं.