सुकाणूवर कोण होतं?

आमच्या कॅप्टनसाहेबांनी अर्ध्या गावाला गाडी चालवायला शिकवली आहे. तीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवलं त्यांनी. माझी धाकटी बहीण, शेजारणीची सून, दूधवाला, सगळे त्यांच्याच हाताखाली तयार झाले. मी तेवढी राहिले. "तुला काय गरज? मी आहे ना!" हे वाक्य मी लग्न झाल्यापासून ऐकतेय. पूर्वी ते मला गोड वाटायचं. मग आम्ही बोट घेतली.

बोट आली ती मी नोकरीतून निवृत्त झाले त्या वर्षी. लांबट, अरुंद, आत दोन बाकडी आणि चहापुरतं स्वयंपाकघर. "कालव्याने वर वर जायचं, थेट तळ्यात. तुला तळं दाखवतो," असं कॅप्टननी मला कबूल केलं होतं. कॅप्टन म्हणजे माझे यजमान. बोट आल्यावर ते कॅप्टनची टोपी घालायला लागले, तेव्हापासून मी त्यांना दुसरं काही म्हणतच नाही. तर या गोष्टीला सहा वर्षं झाली आणि तळं मी अजून पाहिलं नव्हतं. दर वेळी कुठेतरी माशी शिंकायची. कधी इंजिन तापायचं, कधी यांचं डोकं.

तळ्याच्या अलीकडे लॉक लागतं. लॉक म्हणजे कालव्यातली पाण्याची खोली, पुढे दारांची एक जोडी, मागे एक. खालून आत शिरायचं, मागची दारं लावायची, मग हँडल फिरवून झडपा उघडायच्या की आत पाणी भरतं आणि बोट लिफ्टसारखी वर येते. मग पुढची दारं उघडायची. त्या दारांना लांबलचक लाकडी तुळया असतात, त्या काठावर उभं राहून पाठीने रेटायच्या. वाटेतल्या सगळ्या लॉकांवर हे रेटण्याचं काम माझं. कॅप्टन बोटीच्या मागच्या टोकाला सुकाणूचा दांडा काखेत धरून उभे, आणि तिथून मला सूचना. "पायात जोर दे! कंबरेतून रेट!" उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

यंदा गुडघ्याच्या डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं, हे वर्ष शेवटचं, पुढे असलं काही करायचं नाही. घरी येऊन मी कॅप्टनना सांगितलं. मला वाटलं, आता म्हणतील, ठीक आहे, मी रेटतो, तू सुकाणू धर. साहेबांनी शांतपणे चहा संपवला आणि म्हणाले, "मग बोट विकून टाकू. दारं कोण रेटणार?"

रडू नाही आलं मला, नुसते कान तापले. माझ्याशी वाद घालून मग नाही म्हणाले असते तरी चाललं असतं. त्यांच्या डोक्यात तो विचार आलाच नाही, हे मला लागलं.

सोमवारी बोट बघायला गिऱ्हाईक येणार होतं. रविवारी संध्याकाळी ते लॉक हिवाळ्यासाठी बंद होणार होतं. म्हणून रविवारी सकाळी मी गुडघ्याला पट्टा बांधला, म्हटलं गुडघा गेला खड्ड्यात, आज मला तळं बघायचंय.

लॉकपाशी पोचलो तर तिथला लॉकवाला खोपटाबाहेर खुर्ची टाकून बसलेला. मांडीवर साखळी आणि कुलूप. "पाणी कमी आहे," तो म्हणाला. "एकट्या बोटीसाठी अख्खं लॉक भरणार नाही. दुसरी येऊ द्या, जोडीने सोडतो. आणि चार वाजले की मी ही साखळी घालून घरी."

बसलो वाट बघत. उकडलेली अंडी संपली, पाव संपला, बोलण्यासारखं तर आधीच संपलेलं. दुपार कलली तेव्हा वळणावरून एक हिरवी बोट आली. मी आनंदाने हात हलवला आणि तो हात तसाच खाली घेतला, कारण बोट माझ्या धाकट्या दिरांची होती.

हे सांगायलाच हवं. आमची बोट आधी दोघा भावांची मिळून होती. चार वर्षांपूर्वी ती एका कमानींच्या पुलावर आपटली आणि तिचं नाक चेपलं. कॅप्टन म्हणतात, सुकाणूवर तो होता. दीर म्हणतात, दादा होता. दीर दातांचे डॉक्टर, लोकांची तोंडं उघडण्यात आयुष्य गेलं, पण त्या दिवसापासून भावासमोर त्यांनी स्वतःचं तोंड उघडलं नाही. त्यांनी वेगळी हिरवी बोट घेतली. आम्हा दोघी जावांना भेटायचं तर बाजारात चोरून.

"मी त्याच्या शेजारी बोट लावणार नाही," कॅप्टन म्हणाले. "चल, परत फिरू."

"फिरा. मी इथे उतरते. पोहत जाते तळ्यात."

"तुला पोहता कुठे येतं?"

"तेही तुम्ही शिकवलं नाहीत."

लॉकवाला खो खो हसला. चारचौघांत माघार घेणं यांच्या स्वभावात नाही, म्हणून बोट आत शिरली.

दोन बोटी शेजारी शेजारी, मध्ये वीतभर पाणी. दोघे भाऊ आपापल्या सुकाणूला धरून, हात लांब केला तर खांद्याला लागेल इतके जवळ. एकाने आभाळ बघायला घेतलं, दुसऱ्याने पाणी. मी या काठावर, जाऊबाई त्या काठावर, दोघी हँडल फिरवतोय. ती लांबून माझ्याकडे बघून डोळे फिरवते, मी तिच्याकडे बघून. हळूहळू पाणी भरलं, बोटी काठाच्या बरोबरीला आल्या. आता पुढची दारं उघडली की पलीकडे तळं.

दारं हलेनात. मी पाठ लावली, तिने पाठ लावली, तुळई तसूभरही सरकली नाही.

"पलीकडून गाळ आणि पाला येऊन बसलाय," लॉकवाला खुर्चीतूनच म्हणाला. "तुमच्याच्याने नाही व्हायचं, ताई. त्या दोघांना उतरवा."

"त्याला सांग उतरायला," कॅप्टन मला म्हणाले. "मी सुकाणू सोडणार नाही."

"वहिनी," दीर म्हणाले, "दादाला सांगा, आधी तो उतरेल. मग मी."

हातभर अंतरावर उभे दोघे, आणि निरोप्या मी. इंजिनं बंद, बोटी दोराने धरलेल्या, बुडत नव्हत्या की पळत नव्हत्या. सुकाणू सोडलं असतं तर काय आभाळ कोसळणार होतं? लॉकवाल्याने घड्याळ बघितलं आणि साखळी मांडीवरून उचलून हातात घेतली. "नाही जमत तर पाणी सोडतो खाली. परत जा."

मी पुन्हा तुळईला पाठ लावली. दातओठ खाऊन रेटलं. गुडघ्यातून अशी कळ निघाली की मी मटकन खाली बसले. ओल्या दगडावर, पाय पसरून. पलीकडून जाऊ ओरडली, "वहिनी!" आणि बोटीवरून आमच्या कॅप्टनचा आवाज आला.

"पायात जोर दे!"

तिथे माझं डोकं फिरलं.

"अहो, कोण होतं सुकाणूवर, सांगू?" मी बसल्या बसल्याच ओरडले. "चार वर्षं मूग गिळून बसलेय. आज सांगते. कोणीही नव्हतं! तुम्ही दोघं पुढे जाऊन नाकावर उभे होतात. एक म्हणे डावी कमान, एक म्हणे उजवी कमान. मागे सुकाणू मोकळं! आम्ही दोघी आत चहा करत होतो, खिडकीतून तुमचे चार पाय दिसत होते!"

"चारही!" पलीकडच्या काठावरून जाऊ ओरडली. "मी मोजले होते!"

आभाळ बघणारे पाणी बघायला लागले आणि पाणी बघणारे आभाळ. लॉकवाला मात्र खुर्ची पुढे ओढून बसला.

मग चार वर्षांत पहिल्यांदा माझे दीर आपल्या भावाशी थेट बोलले.

"पण डावीच कमान बरोबर होती."

"उजवी!" कॅप्टन गरजले.

"दादा, डावीकडे पाणी खोल होतं!"

"अरे, उजवीकडे बाण रंगवला होता बाण!"

"उतरून भांडा!" मी म्हटलं. "दारं रेटता रेटता भांडा!"

आणि उतरले की हो! कॅप्टन या काठावर, दीर त्या काठावर, भांडणाच्या नादात सुकाणू सुटलेलं दोघांनाही कळलं नाही. दोघांनी तुळयांना पाठी लावल्या. "खोल होतं!" म्हणून एकाने रेटलं, "बाण होता!" म्हणून दुसऱ्याने. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, पण पिळात जोर असतो हे मला त्या दिवशी समजलं. दारं करकरली आणि सावकाश उघडली.

मी उठले. लंगडत बोटीवर चढले, दोर सोडला. पलीकडे जाऊही चढली होती. मी किल्ली फिरवली. इंजिन कसं सुरू होतं, दांडा डावीकडे रेटला की बोट उजवीकडे कशी जाते, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. सहा वर्षं समोर बघत होते, तेवढ्यावर आलं.

"अगं थांब, मी येतोय!" कॅप्टन लाल तोंडाने वळले.

"थांबा कुठे," लॉकवाला त्यांच्या तुळईपाशी येऊन उभा राहिला. "उघडली ती दारं लावायची कोणी? नियम आहे. दोघांनी मिळून लावायची, मग जायचं."

बोट दारांमधून बाहेर पडली आणि समोर तळं आलं. मोठं, करड्या रंगाचं, काठाला गवत, मध्ये वारा. खरं सांगायचं तर फार सुंदर वगैरे नव्हतं. पण माझ्या आणि त्याच्या मध्ये कोणाची पाठ नव्हती, कोणाची टोपी नव्हती. माझे डोळे भरून आले, आणि राग काही गेला नाही. दोन्ही एकदमच होतं.

मागून आरडाओरडा ऐकू आला. बघितलं तर दोघे भाऊ दोन काठांवरून हात हलवत एका सुरात ओरडत होते, "डावीकडे घ्या! डावीकडे!" एकमत झालं एकदाचं. मी सरळच गेले.

जाऊची हिरवी बोट शेजारी आली. तिचा चेहरा घाबरलेला आणि हसरा.

"वहिनी, सोमवारी ते गिऱ्हाईक येणार ना?"

"येऊ दे. चहा पाजून परत पाठवीन."

"आणि ही थांबवायची कशी, ठाऊक आहे तुम्हाला?"

"नाही गं. तुला?"

"मलाही नाही."

कॅप्टननी अर्ध्या गावाला सगळ्यात आधी ब्रेक शिकवला होता. मलाही शिकवला असता, तर त्यांच्या "अगं थांब"ला मी बहुतेक थांबले असते.