बाळ जागं होईपर्यंत

आई आणि मावशी, दोघी बहिणींनी मिळून फोटो स्टुडिओ चालवला. मावशी कॅमेऱ्यामागे आणि आई चादरीखाली. पासपोर्टच्या फोटोत बाळाखेरीज कुणी दिसता कामा नये, मागे सगळं पांढरं हवं, आणि तान्ह्या बाळाला तर बसता येत नाही. म्हणून आई खुर्चीवर बसायची, मावशी तिच्या डोक्यापासून पायापर्यंत पांढरी चादर टाकायची, वर बाळ ठेवायची, आणि आई चादरीआडून त्याला धरायची. बाळाच्या स्वतःच्या आईला हे काम देत नसत. आपलं मूल दिसेनासं झालं की ती चादरीतून डोकं बाहेर काढतेच, असा मावशीचा अनुभव.

आई गेली आणि स्टुडिओ बंद राहिला. पुन्हा उघडला त्याच आठवड्यात मावशीचा मला ऑफिसात फोन आला.

"अर्धी रजा टाक. एक बाळ आलंय. मला मांडी हवीय."

मी गेले. चादर धुतलेली होती. तिच्याखाली बसल्यावर मी वास घेऊन पाहिला; साबणाचा होता.

बाळाची आई बोलकी निघाली. माझ्या मांडीवर बाळ टेकवता टेकवता म्हणाली, "छान धरलंत हो! तुम्हाला किती मुलं?"

"नाहीत."

"अगंबाई. आणि मावशींना?"

"मला डॉक्टरांनी नको सांगितलंय," मावशी गंभीरपणे म्हणाली. बाई हळहळली. तो डॉक्टर दातांचा, हे मावशी कधीच सांगत नाही. तिच्याकडे अशी बरीच उत्तरं आहेत. 'आधी नवरा मोठा होऊ दे,' हे काका समोर असतानाचं.

माझ्याकडे स्वतःचं उत्तर नव्हतं. या विषयावर बायकांनी लिहिलेलं मी पुष्कळ वाचलंय. कुणाला काम होतं, कुणाला भीती, कुणाला आपल्याच लहानपणाची धास्ती. त्यातलं एखादं कारण मी वेळेनुसार उसनं घ्यायची. अंगाला बसलं एकही नाही.

एवढ्यात मांडीवरचं वजन एकदम वाढलं. बाळ झोपलं होतं.

"झालं कल्याण," मावशी म्हणाली. पासपोर्टला डोळे उघडे लागतात, आणि उठवलेलं बाळ फक्त भोकाड पसरतं. झोपलेल्याला उठवायचं नाही, हा स्टुडिओचा नियम. बाई म्हणाली, "मग मी समोरून झेरॉक्स काढून आणते," आणि गेली.

चादरीखाली दुधी उजेड होता. मावशीच्या चपला तेवढ्या दिसत होत्या. चेहरा दिसत नव्हता म्हणूनच मला विचारता आलं.

"मावशी, आम्हाला मूल नकोय, हे मी आईला सांगितलं होतं."

"माहितीय."

"ती फोटो कापत होती. 'बरं' म्हणाली आणि पुढचा कापायला घेतला. नंतर विषयच काढला नाही. तिला लागलं होतं का गं? तेच मनात ठेवून गेली का?"

चपला जागच्या हलल्या.

"खरं सांगू की गोड सांगू?"

"खरं."

"लागलं. मला म्हणाली, तूच बिघडवलीस पोरीला. तुझं बघून तिला वाटतं, असंही चालतं. चार दिवस अबोला धरला. एकाच खोलीत काम, आणि मला निरोप गिऱ्हाइकामार्फत! 'त्यांना सांगा, उजवा दिवा तिरका आहे.'"

मला हसू आलं. मांडीवरचं बाळ सुस्कारलं.

"हलू नकोस. मग एक दिवस समोर येऊन बसली. म्हणाली, 'एक विचारते, आणि ते दातांच्या डॉक्टरचं मला नको सांगूस. तुला कधी पस्तावा झाला?' म्हटलं, नाही. मला मुलं आवडतात. आली की आवडतात, परत गेली तरी आवडतात. पण आपलं एक असावं, असं आतून कधी आलंच नाही. एखाद्याला पोहावंसं वाटत नाही ना, तसं. त्याचं पाण्याशी वैर थोडंच असतं?"

"मग?"

"मी खोटं बोलले की माझे कान लाल होतात. तिला लहानपणापासून ठाऊक. बराच वेळ कान बघत बसली. मग म्हणाली, 'म्हणजे पोरीचंही ठीक होईल.' आणि उठून दिवा स्वतःच सरळ केला."

"एवढंच?"

"एवढंच कसं? तुझ्या आत्याने एका लग्नात सगळ्यांसमोर तुझा विषय काढला, तर तिला म्हणाली, 'माझी मुलगी पूर्ण आहे. तिला पुढचा भाग लागत नाही.' आत्या जेवायची थांबली."

"मला का नाही बोलली हे?"

"तुला कशाला बोलेल? भांडण माझ्याशी होतं, तुझ्याशी नव्हतं."

बाळाच्या पाठीचा श्वास तळहाताला लागत होता, आणि मी त्याला घट्ट न धरण्याचा प्रयत्न करत होते.

दाराशी बाईचा आवाज आला तसं ते जागं झालं. मावशीने लगेच मांजराचा आवाज काढला. लख्ख उजेड पडला. "आला फोटो! डोळे असे टपोरे!" मावशी ओरडली. बाईने बाळ उचललं, आणि मांडी हलकी झाली.

"झालं ना? काढा आता ती चादर. त्या गुदमरतील."

मी चादर काढली नाही. चेहरा कुणाला दाखवण्यासारखा राहिला नव्हता.

"असू दे, तिला जरा वेळ लागेल," मावशी म्हणाली. "तुम्ही बाहेर बसा, फोटो आणून देते."

दार लागलं. चपला जवळ आल्या. चादरीची कड वर झाली, गुडघे कुरकुरले, आणि मावशी वाकून आत शिरली. खुर्ची एकटीपुरतीच होती.

"सरक जरा," ती म्हणाली.