नऊ वर्षांचे नर

तिसऱ्यांदा अंडी पांढरी पडून मेली तेव्हा सदानंदने हौदाच्या काठावर उभं राहून, मत्स्यबीज न्यायला आलेल्या दीपेशसमोर सांगून टाकलं, "आमच्या जयवंतीचा हात आता चालत नाय. अंडी काढताना मादीला जास्त दाबते."

जयवंती म्हणजे त्याच्या धाकट्या भावाची, नथूची बायको. नंदाखालजवळच्या त्यांच्या मत्स्यबीज केंद्रात अकरा वर्षं रोहूची अंडी तीच काढत आली होती. तिच्या हातून मादीचं एक खवलं कधी निघालं नव्हतं. तिची कानशिलं तापली, पण परक्या माणसासमोर वाद नको म्हणून ती मेलेली अंडी उपसू लागली. दीपेश रिकामे डबे घेऊन विरारला परतला, तेव्हा ती बोलली.

"भाऊजी, नर म्हातारे झालेत. नऊ वर्षांचे हायत. माद्या आपन बदलतो, नर तेच ठेवतो."

सदानंद हसला. "नर कधी म्हातारा होतो काय? बघ, एकेक सात किलोचा. बाबांनी निवडलेत ते."

"वजनानं पिल्लं होत नाय. गेल्या खेपेला जी थोडी फुटली, त्यांच्या शेपट्या वाकड्या होत्या. ते पन माझ्या हातानं?"

"मग मादीत खोट असंल. नायतर तुझ्यात."

नथू शेजारीच पंपाचा नळ बसवत होता. त्याने मान वर केली नाही. जयवंतीला त्याचाच जास्त संताप आला.

मंगळवारी पहाटे तिने एकच मादी धरली. तिची अंडी दोन टबांत सारखी वाटली. एकात म्हाताऱ्या नराचं वीर्य घातलं, दुसऱ्यात शेजारच्या हौदात वाढवलेल्या दोन वर्षांच्या नराचं. दोन्हीकडे कोंबडीच्या पिसाने स्वतःच ढवळलं. मादी तीच, हात तोच, पाणीही तेच. मग टबांपाशी ठाण मांडून बसली, जेवायलाही उठली नाही.

तिसऱ्या प्रहरी तिने सदानंदला बोलावलं. पहिल्या टबातली बहुतेक अंडी साबुदाण्यासारखी पांढरी झाली होती. दुसऱ्यातली काचेसारखी स्वच्छ होती, आणि आत बारीक वळवळ दिसत होती. सदानंदने दोन्ही टबांत बोटं फिरवून पाहिली. मग त्याने दीपेशला फोन लावला.

"चार दिवसांनी ये, माल मिळंल. अरे, मला आधीच संशय होता. नर बदलले मी."

जयवंतीने हात पुढे केला. "फोन द्या, भाऊजी."

तिचा हात मागे जाईना, तेव्हा त्याने फोन दिला.

"दीपेशभाऊ, जयवंती बोलते. माझ्या हाताला नाव ठेवलं ते तुमच्यासमोर, म्हनून तुम्हालाच सांगते. हात चांगला हाय. नर म्हातारे होते. मी सांगितलं, भाऊजींनी ऐकलं नाय. नर आज मी बदललेत."

"घरातली गोष्ट बाहेर कशाला काढतेस?" सदानंद ओरडला.

"बाहेर तुम्हीच नेली," ती म्हणाली आणि फोन त्याच्या हातात ठेवला.

पुढच्या आठवड्यात त्याने जुने नर काढून टाकले. माफी मात्र मागितली नाही. जयवंतीने त्याला जेवायला वाढणं बंद केलं.

"आता सोड ना राग," नथू एकदा म्हणाला.

"त्यांच्यावरचा सुटंल कधीतरी," ती म्हणाली. "तुमच्यावरचा अजून काढलेलाच नाय."