सूर्याआड गेलेला पाहुणा

धूमकेतू एकदाचा सूर्याआड गेला आणि ताईने हुश्श केलं. पाहुणा साधासुधा नव्हता. कुठल्या परक्या ताऱ्याकडून आलेला, गेला की पुन्हा तोंड न दाखवणारा. म्हणून वेधशाळेत रोज संध्याकाळी, तो मावळायच्या आत, ती त्याला गाठत होती. दुर्बीण त्याच्या चालीने फिरवायची. मग फोटोत ताऱ्यांच्या रेघा होतात आणि हा एकटा ठिपका राहतो. त्या ठिपक्याची जागा मोजता मोजता तिच्या नाकी नऊ आले होते.

"आता खुशाल झोपा काढा, ताई," सहकारी म्हणाला. "पलीकडून निघेल तो पहाटेचा. तेव्हा बळीचा बकरा मी आहेच."

ताईला झोप नको होती, संध्याकाळ हवी होती. घरी वडिलांची, अप्पांची, स्मरणशक्ती विरत चालली होती. आधी शेजारी पुसले गेले, मग थोरला भाऊ. आता पाळी आपली, हे तिला कळत होतं. त्याआधी त्यांच्याजवळ बसायचं, एवढंच तिला हवं होतं.

त्या दिवशी ती उजेड असतानाच घरी आली. चहा करून अप्पांशेजारी बसली. अप्पांनी कप घेतला, पण सावरून बसले.

"आपण कोणाकडे आलात?"

"अप्पा, मी. तुमची मुलगी."

"छे हो!" अप्पा हसले. "आमची पोरगी या वेळेला घरी कुठली? मोठ्या दुर्बिणीवर असते ती. डोळ्यांत तेल घालून काम करते. अंधार पडला की येईल. बसा ना, भेटेल."

अप्पांना सांभाळणाऱ्या मावशींनी मान खाली घातली. ताईला रडू आलं, रागही आला; कोणाचा, ते कळेना. अप्पा तिला विसरले नव्हतेच. रोज संध्याकाळी घरी नसून तिनंच हे त्यांच्याकडून घोकून घेतलं होतं.

ती पिशवी घेऊन खाली गेली आणि जिन्यात बसली. अंग आंबलं होतं. येणारेजाणारे विचारत, किल्ली विसरलात का? ती हो म्हणे. रस्त्यावरचे दिवे लागले तेव्हा वर जाऊन तिनं बेल वाजवली.

"आलीस?" अप्पांचा चेहरा फुलला. "अगं, तुझ्याकडे एक बाई आल्या होत्या. वाट बघून गेल्या. फार दमलेल्या दिसत होत्या बिचाऱ्या."

"आता नाही येणार त्या, अप्पा," ती म्हणाली आणि त्यांच्याजवळ बसली.